शंखावरून ओळख : गोड्या पाण्यातील लहान गोगलगायींचे वर्गीकरण

२०१९ मध्ये झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात गोवर्गीय जनावरांची संख्या सुमारे १९ कोटी २५ लाख, तर म्हशींची संख्या सुमारे १० कोटी ९८ लाख होती. या पशुधनाचा मोठा भाग गावतळी, ओढे, कालवे आणि भातखाचरे यांच्या काठावर चरतो आणि तेथेच पाणी पितो. याच पाण्यात, पाणवनस्पतींच्या देठांना चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्यापासून सुपारीएवढ्या आकारापर्यंतच्या गोगलगायी राहतात. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी आहेत, काही तर अन्न म्हणून उपयोगी आहेत. परंतु काही मोजक्या जाती पर्णकृमींच्या जीवनचक्रातील अपरिहार्य दुवा आहेत. पर्णकृमीचा डिंभ ठरावीक जातीच्या गोगलगायीच्या शरीरात वाढल्याशिवाय पुढील पोषकाकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे एखाद्या तळ्यात कोणती गोगलगाय आहे, हा प्रश्न पशुवैद्यकाच्या दृष्टीने केवळ नावाचा राहत नाही. ओळख चुकली तर रोगट तळे निर्धोक समजले जाते, किंवा निर्धोक तळ्यात विषारी द्रव्य टाकून मासे आणि खाण्याजोग्या गोगलगायी नष्ट केल्या जातात.

हा संबंध शास्त्रज्ञांच्या ध्यानी आला तो १८८० च्या दशकाच्या आरंभी. मेंढ्यांच्या यकृतातील पर्णकृमीचे संपूर्ण जीवनचक्र इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत लॉयकार्ट यांनी स्वतंत्रपणे उलगडले आणि त्यातील मधला टप्पा एका लहानशा लिम्नियावर्गीय गोगलगायीत पार पडतो असे दाखवून दिले. तेव्हापासून गोड्या पाण्यातील गोगलगायींची अचूक ओळख हा रोगनियंत्रणाचा पहिला टप्पा ठरला.

गोगलगायी मृदुकाय संघातील उदरपाद वर्गात मोडतात. त्यांचे शरीर मऊ असून ते मेल्यावर थोड्याच वेळात कुजते. मागे उरतो तो शंख. प्रावार नावाच्या त्वचेच्या पडद्याची कड कॅल्शियम कार्बोनेट स्रवते आणि शंख मुखाच्या बाजूने वाढत जातो. त्यामुळे शंखाचे टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग असतो. पिलू अंड्यातून बाहेर येतानाचा गर्भशंख तेथेच असतो. मुखाची कड ही सर्वांत नवी. शंखावरील बारीक वाढरेषा म्हणजे त्या प्राण्याच्या आयुष्याची नोंद होय. शंख टिकाऊ, मोजण्यास सोपा आणि डबीत ठेवून दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवता येण्याजोगा असल्यामुळे अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील जवळपास सर्व वर्णने शंखावरूनच केली गेली. भारतापुरते बोलायचे तर प्रेस्टन यांचा १९१५ सालचा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील गोड्या पाण्यातील मृदुकायांवरील खंड, १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक अ‍ॅनंडेल आणि त्यांचे सहकारी बैनी प्रसाद यांचे लेखन, आणि त्याच संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेली सुब्बा राव यांची हस्तपुस्तिका ही या अभ्यासाची प्रमुख साधने होत.

शंख कसा वाचावा

शंख हाती घेतल्यावर प्रथम पाहावयाचे ते झाकण. गोगलगाय आत शिरल्यावर मुखद्वार बंद करणारी खापरीसारखी चकती काही कुळांत असते, काहींत नसते. पिला, बेलामिया, बिथिनिया, मेलानॉइडिस यांना झाकण असते. लिम्निया, फायसा, जायरॉलस, इंडोप्लॅनॉर्बिस यांना नसते. ही दुसरी मंडळी हवेतून श्वसन करणाऱ्या फुप्फुसधारी गोगलगायींपैकी होत. या एका कसोटीने अर्धे काम होते. मात्र झाकण शरीराला जोडलेले असते, शंखाला नव्हे. काठावर पडलेल्या रिकाम्या शंखाचे झाकण केव्हाच गळून गेलेले असते आणि नवखा अभ्यासक बेलामियाला बिनझाकणाची ठरवून मोकळा होतो. म्हणून जिवंत नमुनेच गोळा करावेत, असा दंडक आहे.

यानंतर वळण. शंखाचे टोक वर आणि मुख आपल्याकडे धरले असता मुख उजवीकडे आले तर शंख उजव्या वळणाचा, डावीकडे आले तर डाव्या वळणाचा. लिम्निया उजव्या वळणाची आणि फायसा डाव्या वळणाची असते; दोहोंचे शंख एरवी इतके सारखे दिसतात की पहिल्या नजरेत फसगत होते. येथे परीक्षार्थींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. देवघरातील दुर्मीळ ‘दक्षिणावर्ती’ शंख प्राणिशास्त्राच्या परिभाषेत डाव्या वळणाचा असतो. टर्बिनेला पायरम या सागरी शंखाचे नेहमीचे नमुने उजव्या वळणाचे असतात. पूजेत मात्र शंख टोक खाली करून धरला जातो, त्यामुळे संज्ञा उलटते. दक्षिणावर्ती म्हणजे उजव्या वळणाचा असे सरळ भाषांतर केल्यास उत्तर चुकते.

वळण निश्चित झाल्यावर एकूण आकृतीकडे वळावे. आकृतीचे ढोबळ प्रकार चार. मनोऱ्यासारखा उंच शंख, उदाहरणार्थ मेलानॉइडिस ट्युबर्क्युलाटा. फुगीर किंवा अंडाकृती शंख, ज्यात शेवटचे वेटोळे मोठे आणि वरचा निमुळता कळस आखूड असतो, उदाहरणार्थ लिम्निया आणि बेलामिया. घड्याळाच्या स्प्रिंगसारखा एकाच पातळीत गुंडाळलेला चकतीवजा शंख, उदाहरणार्थ इंडोप्लॅनॉर्बिस व जायरॉलस. आणि मुळीच न गुंडाळलेला, टोपीसारखा शंख, उदाहरणार्थ फेरिसिया. त्यापुढे वेटोळ्यांची संख्या, दोन वेटोळ्यांमधील शिवणरेषेची खोली, मुखाचा आकार, तळाशी असलेली नाभी उघडी की बंद, मधल्या स्तंभिकेला पीळ आहे की नाही, पृष्ठभागावरील कंगोरे व गाठी यांचा क्रम लागतो. मोजमाप मिलिमीटरमध्ये, व्हर्नियर कॅलिपरने घ्यावे. निव्वळ उंची फारसे काही सांगत नाही, कारण ती वयावर अवलंबून असते. उंची आणि रुंदी यांचे गुणोत्तर, किंवा कळसाची उंची व एकूण उंची यांचे गुणोत्तर अधिक उपयोगी ठरते.

एका जातीची ओळख : इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस

भारतीय उपखंडातील तळ्यांत सर्वत्र आढळणारी इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस ही जाती या साऱ्या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. गायीगुरांच्या तीन रक्तपर्णकृमींची, म्हणजे शिस्टोसोमा नेझेल, शिस्टोसोमा स्पिंडेल आणि शिस्टोसोमा इंडिकम यांची, ती प्रमुख मध्यस्थ पोषक आहे. यांपैकी पहिला कृमी जनावराच्या नाकातील रक्तवाहिन्यांत राहतो. नाकात फुलकोबीसारख्या गाठी वाढतात, श्वास कोंडतो आणि जनावर घोरल्यासारखा आवाज करू लागते. म्हशींत लक्षणे बहुधा सौम्य राहतात, गायीबैलांत ती तीव्र असतात. शेतकामासाठी पाण्यात उतरणाऱ्या माणसांच्या त्वचेत हे डिंभ शिरले तर पुढे वाढत नाहीत, परंतु तेथेच मरताना तीव्र खाज उत्पन्न करतात. भातशेतीच्या प्रदेशांत पायांना सुटणाऱ्या खाजेचे एक कारण हे आहे.

या गोगलगायीचा शंख चकतीसारखा, जाड, फिकट तपकिरी ते काळपट असून पूर्ण वाढ झालेल्या नमुन्याचा व्यास २० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून किंचित अधिक भरतो. वेटोळी झपाट्याने मोठी होत जातात आणि प्रत्येक वेटोळे रुंदीपेक्षा उंचीला अधिक असते. दोन्ही बाजूंना मध्यभाग खोलगट असतो. मुख कानाच्या आकाराचे दिसते. झाकण नसते. जिवंत प्राण्याच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे शंख चिरडल्यास लालसर द्रव बाहेर येतो. ऑक्सिजन कमी असलेल्या कुजकट पाण्यात तग धरण्यास हे द्रव्य उपयोगी पडते. शरीराची छिद्रे डाव्या बाजूस असल्याने चकतीवजा असूनही ही गोगलगाय डाव्या वळणाची समजली जाते.

पूर्ण वाढलेला शंख ओळखण्यात अडचण नाही. अडचण पिलांची आहे. ६ मिलिमीटर व्यासाची लहान चकती हाती आली, तर ती इंडोप्लॅनॉर्बिसचे पिलू की जायरॉलस कॉन्व्हेक्सिअस्क्युलस या लहान जातीचा प्रौढ? जायरॉलसची पूर्ण वाढसुद्धा सहसा १० मिलिमीटरपर्यंत पोहोचत नाही. व्यास पाहून निर्णय देणारा येथे हमखास फसतो. उत्तर वेटोळ्यांत आणि जाडीत आहे. जायरॉलसची चकती पातळ व चपटी असते; तेवढ्याच व्यासात तिची सुमारे चार वेटोळी पूर्ण झालेली असतात आणि बाहेरची कड पुष्कळदा कोनासारखी उतरती असते. इंडोप्लॅनॉर्बिसच्या पिलात वेटोळी कमी, कड गोल आणि व्यासाच्या मानाने उंची कितीतरी अधिक दिसते. पूर्ण झालेली वेटोळी मोजणे आणि उंचीला व्यासाने भागणे, या दोन कृतींनी प्रश्न सुटतो.

नावाकडेही थोडे लक्ष द्यावे. १८३० च्या दशकात फ्रेंच अभ्यासक देशे यांनी मलबार किनाऱ्यावरील नमुन्यांवरून या जातीचे वर्णन प्लॅनॉर्बिस एक्झस्टस या नावाने केले. लॅटिनमध्ये एक्झस्टस म्हणजे जळालेला, करपलेला. पुढे १९२१ मध्ये अ‍ॅनंडेल आणि प्रसाद यांनी तिच्यासाठी इंडोप्लॅनॉर्बिस ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. म्हणून आज या नावापुढे देशे यांचे नाव कंसात लिहितात. प्राणिनामकरणाच्या संकेतानुसार कंसाचा अर्थ एवढाच, की जातीचे पहिले वर्णन त्या अभ्यासकाने केले, पण वेगळ्या प्रजातीत. या संकेताचा आरंभबिंदू म्हणजे लिनियस यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची १७५८ सालची दहावी आवृत्ती.

शंख जेथे अपुरा पडतो

शंख हा प्राण्याचा सांगाडा असला तरी तो पाण्याचाही साक्षीदार आहे. कॅल्शियम कमी असलेल्या, किंचित आम्लधर्मी पाण्यात शंख पातळ राहतो आणि त्याचे टोक झिजते. म्हणजे गर्भशंख, जो ओळखीला सर्वांत मोलाचा, तोच नाहीसा होतो. वाहत्या व साचलेल्या पाण्यात एकाच जातीचे शंख वेगळ्या आकाराचे होतात. फायसा अक्युटा या गोगलगायीवरील प्रयोगांत तर पाण्यात भक्षकाचा नुसता वास असला तरी शंखाचा आकार बदलतो असे दिसून आले आहे. याच फायसाची कहाणी बोधप्रद आहे. ती मूळची उत्तर अमेरिकेतील. पण तिचे पहिले वर्णन ड्रापार्नो यांनी १८०५ मध्ये फ्रान्समधील नमुन्यांवरून केले, त्यामुळे दीर्घकाळ ती युरोपीय समजली गेली. आज ती भारतातील अनेक शहरांच्या नाल्यांत आणि तलावांत स्थिरावली आहे.

आकारातील या लवचिकतेची सर्वाधिक किंमत लिम्निया गटाने मोजली. प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या शंखाला वेगळे नाव देण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात इतकी बळावली, की जगभरात या गटातील नावांची संख्या हजारावर गेली. १९५१ मध्ये स्वीडिश अभ्यासक हुबेंडिक यांनी शंखाबरोबर अंतर्गत अवयवांचाही विचार करून त्यांतील सुमारे ४० जातीच ग्राह्य धरल्या. त्यांची कात्री जरा अधिकच चालली, असे पुढील संशोधनाने दाखवले; तरीही शंखाच्या भरवशावर किती कागदी जाती जन्माला येतात याचे हे ठळक उदाहरण आहे. भारतात अ‍ॅनंडेल आणि राव यांनी १९२५ मध्येच लिम्निया अक्युमिनाटा आणि लिम्निया ल्युटिओला यांच्या अनेक रूपांना स्वतंत्र जाती न मानता रूपभेद म्हणून नोंदवले होते. यकृतातील फॅसिओला जायगँटिका हा पर्णकृमी वाहणारी लिम्निया ऑरिक्युलारिया ही याच गटातील असल्यामुळे येथील गोंधळ थेट गोठ्यापर्यंत पोहोचतो.

उलट प्रकारची चूकही घडते : शंख सारखे दिसतात म्हणून नातेही जवळचे मानले जाते. सह्याद्रीतील धबधब्यांच्या तुषारांनी भिजणाऱ्या कातळांवर क्रेम्नोकाँकस नावाची लहान गोगलगाय राहते. एकोणिसाव्या शतकात प्रारंभी तिच्यातील एका जातीला नदीतील गोगलगायींच्या अँक्युलोटस या अमेरिकी प्रजातीत बसवले गेले होते. प्रत्यक्षात ती समुद्रकाठच्या खडकांवर राहणाऱ्या लिटोरिना कुळातील आहे आणि हे कुळ एरवी सागरी आहे. २०१३ मध्ये रीड, अरविंद आणि मध्यस्थ यांनी शंख, जीभपट्टीवरील दात आणि जननेंद्रिये यांचा एकत्रित अभ्यास करून या प्रजातीच्या एकूण नऊ जाती निश्चित केल्या. त्यांपैकी सहा नव्या होत्या. महाराष्ट्रातील तीन जाती आधीच ज्ञात होत्या, नव्या सहा कर्नाटकातील निघाल्या.

गिमवीची टोपी

शंखवाचनाची खरी कसोटी लागली ती रत्नागिरी जिल्ह्यात. गुहागर तालुक्यातील गिमवी या गावी लघवीवाटे रक्त जाणारे रुग्ण आढळले आणि १९५२ मध्ये गाडगीळ व शहा यांनी तेथे मानवी शिस्टोसोमियासिसचे स्थानिक केंद्र असल्याचे जाहीर केले. मूत्राशयाचा हा रोग आफ्रिकेत व पश्चिम आशियात सर्वज्ञात आहे. तेथे त्याचा कृमी, शिस्टोसोमा हिमॅटोबियम, बुलिनस प्रजातीच्या गोगलगायींत वाढतो. भारतात आज जिवंत बुलिनस आढळत नाही. मग कोकणात मध्यस्थ पोषक कोण? शोध घेता संशोधकांनी बोट ठेवले ते फेरिसिया टेनुइस या अवघ्या काही मिलिमीटरच्या, टोपीसारख्या शंखाच्या गोगलगायीवर. दगडांच्या आणि पानांच्या खालच्या बाजूस चिकटलेला हा प्राणी साध्या डोळ्यांना एखाद्या खवल्यासारखा वाटतो. त्याच्या शंखाला वेटोळेच नसल्यामुळे मोजण्यास उरते ते टोपीचे टोक : ते मध्यावर नसून मागे व उजवीकडे झुकलेले असते आणि भिंगाखाली त्यावर टोकापासून फाकणाऱ्या सूक्ष्म रेघा दिसतात. या रेघा हेच फेरिसियाचे ओळखचिन्ह. कृमी खरोखर हिमॅटोबियमच होता काय, याविषयी पुढे शंकाही उपस्थित करण्यात आल्या आणि भारतातील या रोगाचा प्रश्न ग्रंथांतून आजही चर्चिला जातो.

रेणवीय अभ्यासाने या कथेला अनपेक्षित जोड दिली आहे. टोपीवाल्या गोगलगायी पूर्वी अँसिलिडी या स्वतंत्र कुळात ठेवल्या जात. आता त्या चकतीवाल्यांच्या प्लॅनॉर्बिडी कुळात गणल्या जातात. त्याहून विस्मयकारक म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिसचे सर्वांत जवळचे नाते इतर चकत्यांशी नसून कळस असलेल्या आफ्रिकी बुलिनसशी निघाले. काही नव्या वर्गीकरणांत या दोन प्रजाती मिळून बुलिनिडी हे वेगळे कुळ मानले जाते. नुसता शंख पाहणाऱ्याला हे नाते कधीच सुचले नसते. मात्र पूर्वी पुस्तकांत छापली जाणारी अग्रक्लोमी, पश्चक्लोमी व फुप्फुसधारी अशी उदरपादांची त्रिविध विभागणी आता मागे पडली आहे. परीक्षेत ती विचारली गेल्यास जुनी विभागणी म्हणूनच सांगावी.

क्षेत्रीय कामाची पद्धत

रेणवीय चाचणी प्रत्येक तालुक्यात होऊ शकत नाही. म्हणून क्षेत्रीय कामात शंखच पहिला, आणि त्याला पूरक असा साधा प्रयोग केला जातो. रबरी हातमोजे घालून जाळीने गोळा केलेली प्रत्येक गोगलगाय स्वच्छ, क्लोरिनविरहित पाण्याच्या वेगळ्या काचपात्रात ठेवून काही तास प्रकाशात ठेवतात. ती बाधित असेल तर पाण्यात सरकारिया नावाचे पोहणारे डिंभ उतरतात. त्यांची शेपटी दुभंगलेली असल्यास रक्तपर्णकृमींच्या गटाचा संशय बळावतो. शेपटी अखंड असल्यास यकृतातील किंवा पोटातील पर्णकृमींकडे लक्ष वळवावे लागते. तळे रोगकारक ठरले तरी लगेच विषप्रयोग करण्याचे कारण नाही. पाणवनस्पती काढणे, काठावर जनावरांसाठी वेगळा हौद बांधणे, बदके सोडणे हे उपाय आधी येतात. मोरचूद माशांनाही मारते, आणि बिहार, झारखंड, बंगालकडील ग्रामीण भागांत आवडीने खाल्ली जाणारी बेलामिया बेंगालेन्सिस बहुधा त्याच पाण्यात असते.

नमुने जतन करताना शरीरासह ७० टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावेत. डीएनएसाठी अधिक तीव्र अल्कोहोल चांगले. कुपीत स्थळ, तारीख, पाण्याचा प्रकार आणि संकलकाचे नाव असलेली, पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आतच टाकावी, कारण बाहेर चिकटवलेली चिठ्ठी निसटते आणि शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. २०१५ नंतरच्या अभ्यासांतून इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस ही एकच जाती नसून शंखाने न ओळखता येणाऱ्या अनेक वंशशाखांचा समूह असल्याचे पुरावे पुढे आले आहेत. शिस्टोसोमाचा कोणता कृमी यांपैकी कोणत्या शाखेत वाढतो हे ठरवावयाचे, तर एकाच कुपीत तीन गोष्टी असाव्या लागतात : शंख, शरीर आणि त्यातून बाहेर पडलेले डिंभ. संग्रहालयांच्या खणांत शतकभर साठलेल्या बहुतेक नमुन्यांत त्यांपैकी पहिलीच आहे.